बऊबाजारची प्रयोगशाळा आणि रामन

२८ फेब्रुवारी हा दिवस १९८७ पासून राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या प्रतिभेचे गोडवे गाइले जातात, आणि ते योग्यच होय. परंतु हा शोध कोणत्या आर्थिक परिस्थितीत लागला आणि त्याचे फळ कोणाच्या पदरात पडले, याचा विचार सहसा होत नाही.

रामन यांचा जन्म १८८८ साली तिरुचिरापल्ली येथे झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०७ साली ते एम. ए. झाले, तेव्हा पारतंत्र्यातील भारतात विज्ञानावर पोट भरण्याची सोय जवळजवळ नव्हती. ते वित्त खात्याच्या परीक्षेस बसले आणि कलकत्त्यास साहाय्यक महालेखापाल झाले. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली लोकवर्गणीतून उभी केलेली विज्ञानसंस्था तेथील बऊबाजार रस्त्यावर होती. कचेरीच्या आधी व नंतरचा वेळ रामन यांनी या संस्थेस दिला. रंगून व नागपूर येथील बदल्यांचा काळ वगळता हा क्रम दहा वर्षे चालला. १९१७ साली आशुतोष मुखर्जी यांनी विद्यापीठातील पालित अध्यासन देऊ केले, तेव्हा अधिक पगाराची सरकारी नोकरी सोडून त्यांनी ते स्वीकारले.

१९२१ साली विलायतेहून परतताना सागराच्या निळाईने त्यांचे लक्ष वेधले. हा रंग केवळ आकाशाचे प्रतिबिंब नसून पाण्याचे रेणू प्रकाश विखुरतात त्याचा परिणाम आहे, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे शिष्यांसह त्यांनी अनेक द्रवांची तपासणी केली. १९२८ साली के. एस. कृष्णन यांच्या साहाय्याने त्यांना आढळले की, विखुरलेल्या प्रकाशाचा अत्यल्प अंश आपला मूळ रंग बदलतो आणि हा बदल रेणूच्या कंपनांवर अवलंबून असतो. त्याच सुमारास मॉस्कोत लँड्सबर्ग व मँडेलश्टाम यांनाही स्फटिकांत हीच गोष्ट दिसली होती. १९३० चे नोबेल पारितोषिक मात्र एकट्या रामन यांस मिळाले. कृष्णन यांचा वाटा आपण अधिक आवर्जून सांगावयास हवा.

या शोधाचे मोल कळण्यासाठी अवरक्त वर्णपटमापनाशी त्याची तुलना केली पाहिजे. अवरक्त किरण हर्शेल यांनी १८०० साली शोधले. रेणू आपल्या कंपनांनुसार हे किरण शोषतो आणि त्यावरून पदार्थाची ओळख पटते. पण साधी काच हे किरण अडवते, म्हणून मिठाचे लोलक वापरावे लागत. आणि पाणी ते इतके शोषते की जलीय द्रावणांची परीक्षा अवघड होते. रामन यांच्या पद्धतीत तीच माहिती दृश्य प्रकाशातून मिळते. काचेचे भांडे चालते आणि पाण्याचा अडथळा फारसा होत नाही. उलट, रंग बदललेला प्रकाश इतका क्षीण असतो की छायाचित्रण पट्टीवर तो उमटण्यास तासन्‌तास लागत, आणि पदार्थ स्वतःच चमकू लागला की सारे झाकोळून जाते. शिवाय काही कंपने एका पद्धतीस दिसतात, तर काही केवळ दुसरीस. नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्या रेणूंची कंपने अवरक्त वर्णपटात दिसत नाहीत, रामन वर्णपटात दिसतात. तेव्हा या पद्धती प्रतिस्पर्धी नसून परस्परपूरक आहेत.

पारडे कोणत्या बाजूस झुकले, हे मात्र केवळ विज्ञानाने ठरविले नाही. दुसऱ्या महायुद्धात कृत्रिम रबर व पेट्रोलियम यांच्या उद्योगांना जलद पृथक्करणाची निकड भासली, अमेरिकेत अवरक्त यंत्रे बाजारात आली आणि रामन यांची पद्धती मागे पडली. १९६० साली लेसर अवतरला, तेव्हा तिला नवे जीवन लाभले. ही यंत्रेही प्रामुख्याने परदेशी कारखान्यांतच तयार झाली.

रामन १९३३ साली बंगलोरच्या विज्ञान संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. मतभेदांमुळे १९३७ साली त्यांनी ते पद सोडले. १९४८ साली त्यांनी स्वतःची संस्था उभारली. १९५४ साली त्यांना भारतरत्न मिळाले. सरकारी पैशाने संशोधनाचे स्वातंत्र्य जाते, या धारणेने ते त्यापासून अखेरपर्यंत, म्हणजे १९७० पर्यंत, दूर राहिले. या बाणेदारपणाबद्दल आदर बाळगूनही त्यांचे मत पूर्णतः स्वीकारता येत नाही. शोध थोड्या पैशांत लागू शकतो. पण त्याचे यंत्र व्हावयास काच, इलेक्ट्रॉनिकी, कुशल कारागीर आणि हमखास गिऱ्हाईक लागते. ही साखळी एकटा शास्त्रज्ञ उभारू शकत नाही. साधनांच्या दारिद्र्यातही रामन यशस्वी झाले, म्हणून ते दारिद्र्य हा सद्गुण ठरत नाही. आपल्याच शोधावरील यंत्रे आपल्या प्रयोगशाळांना आयात करावी लागतात, तोवर विज्ञान दिनाचा उत्सव अपुराच म्हणावा लागेल.