सादी कार्नो (१७९६–१८३२)

भुसावळ-खंडवा मार्गावरची वाफेची इंजिने आपल्या मंडळातील ज्येष्ठ सभासदांना आठवत असतील. उष्णतेतून जास्तीत जास्त किती काम निघू शकते, हा प्रश्न मुळापर्यंत नेला तो एका फ्रेंच तरुणाने.

सादी कार्नो यांचा जन्म १ जून १७९६ रोजी पॅरिसला झाला. वडील लाझार कार्नो गणिती, शिवाय राज्यक्रांतीच्या काळात फ्रान्सच्या फौजा उभ्या करणारे. फारसी कवी शेख सादींवरून त्यांनी मुलाचे नाव ठेवले. फारसी शिलालेख अंगाखांद्यावर बाळगणाऱ्या आपल्या गावाला याचे कौतुक वाटावे! सोळाव्या वर्षी एकोल पॉलिटेक्निक, मग लष्करात इंजिनिअर. १८१५ साली नेपोलियन पडला आणि वडील हद्दपार झाले.

१८२४ साली सादींनी स्वखर्चाने एक लहान पुस्तक छापले. उष्णता गरमाकडून थंडाकडे जाते तेव्हाच इंजिन काम करते आणि कामाची कमाल मर्यादा त्या दोन तापमानांवरच ठरते, हे त्याचे सार. ही मर्यादा गाठणारे आदर्श इंजिन उलटे चालवले, तर सारे पूर्ववत होते.

आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत, ही रिव्हर्सल एंट्री. निसर्गात मात्र अशी एंट्री तंतोतंत बसत नाही. गार झालेला चहा आपोआप गरम होत नाही.

याचा हिशेब १८६५ साली जर्मनीच्या क्लाऊझियस यांनी मांडला. उष्णतेला निरपेक्ष तापमानाने भागायचे. १२७ अंश म्हणजे ४०० केल्विन, २७ अंश म्हणजे ३००. हजार ज्यूल उष्णता थेट इकडून तिकडे गेली, तर गरम बाजूला २.५ वजा आणि थंड बाजूला ३.३३ जमा. वाढलेले ०.८३ म्हणजे एन्ट्रॉपी. त्याला ३०० ने गुणले की येतात २५० ज्यूल. कार्नोंच्या इंजिनाने नेमके एवढेच काम दिले असते. ते कायमचे गेले. आदर्श इंजिनात ही वाढ शून्य असते.

पुस्तकाकडे फारसे कोणी पाहिले नाही. २४ ऑगस्ट १८३२ रोजी पटकीने कार्नो गेले, अवघे ३६ वर्षांचे. साथीच्या भीतीने त्यांच्या सामानाबरोबर बरेच कागदही जाळले गेले, असे सांगतात. दोन वर्षांनी क्लापेरॉन यांनी पुस्तकातला विचार आकृतीसह पुन्हा मांडला, म्हणून तो पुढच्यांपर्यंत पोहोचला.

उरलेली टिपणे धाकट्या भावाने १८७८ साली छापली. उष्णता हा न संपणारा द्रव आहे, हे पुस्तकातले गृहीतक कार्नोंनी त्यांत स्वतःच सोडून दिले होते. आणि किती उष्णतेचे किती काम होते, याचा आकडाही ज्यूल यांच्या कित्येक वर्षे आधी काढून ठेवला होता.