आकाश मोठे करणारे एडविन हबल


उन्हाळ्यात आम्ही अंगणात झोपतो, तेव्हा डोक्यावर आकाशगंगेचा पांढरा पट्टा दिसतो. मला वाटायचं, सगळं विश्व तेवढंच. शंभर वर्षांपूर्वी पुष्कळ शास्त्रज्ञांनाही तसंच वाटे. ही समजूत ज्यांनी बदलली, त्या हबल यांची माहिती मी देत आहे.

एडविन हबल यांचा जन्म २० नोव्हेंबर १८८९ रोजी अमेरिकेतील मार्शफील्ड या लहान गावी झाला. त्यांना ओढ आकाशाची. पण वडिलांची इच्छा की मुलाने कायदा शिकावा. वडिलांचा शब्द मोडवेना, म्हणून ते इंग्लंडात ऑक्सफर्डला जाऊन कायदा शिकले. १९१३ साली वडील वारले. नंतर वर्षभर त्यांनी शाळेत शिकवलं, आणि मग खगोलशास्त्राची वाट धरली.

१९१९ साली ते माउंट विल्सन वेधशाळेत रुजू झाले. तिथली १०० इंची दुर्बीण त्या वेळी जगात सर्वांत मोठी होती. १९२३ साली देवयानीच्या अंधुक ठिपक्यात त्यांना कमी-जास्त उजळणारा एक तारा सापडला. असा तारा किती दिवसांनी उजळतो, यावरून त्याचं खरं तेज कळतं. हा नियम हेन्रिएटा लेव्हिट या बाईंनी शोधला होता. लांबचा कंदील मिणमिणता दिसतो, तसं त्यावरून अंतर काढता येतं. तो तारा आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी बाहेर निघाला! देवयानी ही वेगळीच दीर्घिका आहे, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर.

हबल यांनी दीर्घिकांचे आकारावरून गट पाडले. आता कळलं आहे की सर्पिल दीर्घिकांत वायूपासून अजून नवे तारे जन्मतात. मोठमोठ्या लंबगोल दीर्घिकांनी मात्र आपले बहुतेक तारे फार पूर्वी भराभर घडवले. मग थंड वायू उरला नाही. पुढे त्या लहान दीर्घिका गिळून वाढल्या.

त्यांचे सहकारी मिल्टन ह्युमासन यांची शाळा लहानपणीच सुटली होती. ते डोंगरावर खेचरांवरून सामान नेत. तेही पुढे मोठे शास्त्रज्ञ झाले.

२८ सप्टेंबर १९५३ रोजी हबल वारले. १९९० साली अवकाशात सोडलेल्या दुर्बिणीला त्यांचं नाव दिलं आहे.

मित्रांनो, आवडीची वाट उशिरा सापडली तरी सोडू नये, हा बोध मी घेतला. आमच्या शाळेत सातवीपर्यंतच वर्ग आहेत. पुढे मला तालुक्याला पाठवायचं की नाही, हे घरी ठरायचं आहे. बाबा आज भित्तिपत्रक वाचायला येणार आहेत, म्हणून हा लेख मी मोठ्या अक्षरात लिहिला आहे.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी