‘हो-नाही’चे गणित मांडणारे जॉर्ज बूल

ग्लुकोमीटर, डिजिटल थर्मामीटर, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ही यंत्रे आता अनेक घरांत पोहोचली आहेत. त्यांच्या आत मायक्रोकंट्रोलर नावाची चिप असते आणि तिच्या मेमरीत माहिती ठेवण्यासाठी ठरावीक मापाचे कप्पे असतात. त्यांतल्या सर्वांत लहान कप्प्यात फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच मावते. अशा माहितीला अनेक संगणकभाषांत ‘बुलियन’ म्हणतात. हे नाव ज्यांच्यावरून पडले, त्या जॉर्ज बूल यांनी संगणक कधी पाहिलाच नव्हता.

बूल यांचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडमधील लिंकन येथे झाला. वडील बूट शिवत; पण त्यांचे मन दुर्बिणी आणि भिंगांतच अधिक रमे. धंदा बुडाला आणि सोळाव्या वर्षी जॉर्ज यांना शिक्षकाची नोकरी धरून घर चालवावे लागले. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःची शाळा काढली. विद्यापीठाची पायरी न चढता त्यांनी अनेक भाषा आणि उच्च गणित स्वतःच आत्मसात केले. १८४४ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना पदक दिले. १८४९ मध्ये पदवी नसतानाही ते आयर्लंडमधील कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले.

माणसाचा तर्क गणिताच्या चिन्हांत मांडता येईल का, हा त्यांचा ध्यास होता. वॉर्डातले उदाहरण घेऊ. सर्व रुग्णांतून ताप असलेले निवडले. निवडलेल्यांतून पुन्हा ताप असलेले निवडले, तर तेच रुग्ण हाती येतात. म्हणजे एकच अट दोनदा लावली तरी उत्तर बदलत नाही. नेहमीच्या संख्यांमध्ये स्वतःला स्वतःने गुणूनही न बदलणाऱ्या संख्या दोनच, शून्य आणि एक. बूल यांनी एक म्हणजे सर्व आणि शून्य म्हणजे काहीच नाही, असे धरून १८४७ आणि १८५४ मधील आपल्या ग्रंथांत तर्काचे बीजगणित उभे केले. १९३७ मध्ये क्लॉड शॅनन यांनी विजेच्या स्विचांना हेच बीजगणित लागू पडते हे दाखवले आणि डिजिटल युगाचा पाया घातला गेला.

१८५५ मध्ये बूल यांचा विवाह मेरी एव्हरेस्ट यांच्याशी झाला. भारताच्या सर्वेक्षणाचे काम करणारे आणि ज्यांचे नाव सर्वोच्च शिखराला दिले गेले, ते जॉर्ज एव्हरेस्ट हे मेरी यांचे काका. या दांपत्याला पाच मुली झाल्या. नोव्हेंबर १८६४ मध्ये बूल भर पावसात सुमारे तीन मैल चालत कॉलेजात गेले आणि ओल्या कपड्यांनीच शिकवले. त्यानंतर ते तापाने अंथरुणाला खिळले. ज्यामुळे आजार झाला त्यानेच तो बरा होईल, या समजुतीने घरी त्यांच्यावर पाण्याचेच उपचार झाले, असे सांगतात. न्यूमोनिया पावसाने नव्हे, जंतूंमुळे होतो हे तेव्हा ठाऊक नव्हते, प्रतिजैविकेही नव्हती. ८ डिसेंबरला, ४९ व्या वर्षी, ते गेले. धाकटी मुलगी तेव्हा वर्षाचीही नव्हती.

बरोबर शंभर वर्षांनी, १९६४ मध्ये, अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात बेसिक ही सोपी संगणकभाषा जन्मली. १९९२ मध्ये आलेल्या ‘बेसिक स्टॅम्प’ने ती मायक्रोकंट्रोलरवर आणली. तिच्यात कप्प्यांची मापे चार. बिटमध्ये ० किंवा १, निबमध्ये १५ पर्यंत, बाइटमध्ये २५५ पर्यंत आणि वर्डमध्ये ६५,५३५ पर्यंतचा आकडा मावतो. मेमरी तुटपुंजी, म्हणून लहान कप्प्याचा मोह होतो. पण रक्तातील साखर ३०० असताना ती बाइटमध्ये ठेवली, तर २५६ गळून पडतात आणि उरतात ४४! वाढलेली साखर धोकादायकरीत्या घटलेली दिसेल.

अशी गफलत प्रत्यक्ष घडलेली आहे. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राचा प्रोग्रॅम बेसिकमध्ये नव्हता, पण त्यात ‘तपासणी हवी का?’ या हो-नाहीच्या प्रश्नाचे उत्तर एका बाइटमध्ये ठेवले होते. ‘हो’साठी थेट १ लिहिण्याऐवजी दर वेळी त्यात एक मिळवला जाई. २५६ व्या वेळी तिथे शून्य येई, म्हणजे ‘नाही’, आणि तपासणी टळे. जानेवारी १९८७ मध्ये अमेरिकेतील याकिमा येथे नेमक्या त्या क्षणी बटण दाबले गेले. रुग्णाला किरणांचा प्रचंड डोस बसला आणि काही महिन्यांत तो दगावला. ‘हो’मध्ये कितीही ‘हो’ मिसळले तरी ‘हो’च उरला पाहिजे, हा बुलियन बीजगणिताचा नियम तिथे मोडला होता.

आजची उपकरणे तपासूनच बाजारात येतात. तरीही पडद्यावरचा आकडा आणि रुग्णाची लक्षणे जुळत नसतील, तर पुन्हा मोजावे, प्रयोगशाळेत खात्री करावी आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषधाचा डोस बदलू नये.