नामदार गोखले आणि आपली काशी

श्रींच्या कृपेने यंदाही उत्सवाची स्मरणिका निघत आहे. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत लोकमान्य टिळकांवर एक तरी लेख असतो, आणि तो असायलाच हवा. या वर्षी मात्र त्यांच्याच समकालीन असलेल्या, पुण्यात त्यांच्याच न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवलेल्या आणि पुढे राजकारणात त्यांच्या विरुद्ध बाजूला उभ्या राहिलेल्या नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्याविषयी लिहावेसे वाटले. त्याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे डिसेंबर १९०५ मध्ये काँग्रेसचे एकविसावे अधिवेशन आपल्या काशीत भरले, त्याचे अध्यक्ष गोखले होते. दुसरे कारण लेखाच्या ओघात येईल.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीला होते. गोपाळराव तेरा वर्षांचे असताना वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये दरमहा धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवले. ज्याने आठ रुपयांत महिना काढला, त्याला पुढे सरकारच्या कोट्यवधींच्या हिशेबातला एकेक आणा मोठा वाटावा, यात नवल नाही.

१८८४ साली ते बी. ए. झाले आणि नंतर पुण्यात शिक्षक झाले. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी गणितासह अनेक विषय शिकवले. अंकगणितावर पुस्तकही लिहिले. न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली त्यांनी सरकारी अहवाल वाचायची आणि आकड्यांमागची माणसे ओळखायची सवय लावून घेतली.

१९०१ च्या अखेरीस सर फिरोजशहा मेहता यांच्या जागी ते कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदे कौन्सिलात निवडून गेले. निवडून गेले म्हणजे कसे, हे समजून घेतले पाहिजे. त्या वेळी सामान्य माणसाला मत नव्हते. मुंबई कौन्सिलातल्या मूठभर बिनसरकारी सभासदांनी त्यांना निवडले होते. समोर बहुमत सरकारी अधिकाऱ्यांचे. अंदाजपत्रकावर बोलता येत होते, पण मत देता येत नव्हते. अशा सभेत एकटा माणूस करणार तरी काय?

गोखल्यांनी अभ्यास केला. आकड्यांच्या कामात सोलापूरचे गणेश व्यंकटेश जोशी यांची त्यांना मोठी मदत होती. २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकार तिजोरीतल्या शिलकीबद्दल समाधानी होते. गोखल्यांनी दाखवून दिले की, ही शिलक सुबत्तेची नाही. रुपयाचा भाव घसरला होता तेव्हा तूट भरायला कर वाढवले होते. मिठावरचा कर १८८८ साली मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला होता. पुढे रुपया सावरला, पण कर तसेच राहिले. म्हणजे दुष्काळ आणि प्लेगने पिचलेल्या लोकांकडून गरजेपेक्षा जास्त पैसा घेतला जात होता. मीठ तर भिकाऱ्यालाही लागते. ज्यांनी कौन्सिलचे नावही ऐकले नव्हते, त्यांचे गाऱ्हाणे असे पहिल्याच भाषणात मांडले गेले.

१९०३ साली मिठावरचा कर मणामागे आठ आण्यांनी उतरला. त्याच वर्षी प्राप्तिकराची सूट ५०० वरून १००० रुपयांपर्यंत गेली. १९०५ मध्ये मिठाचा कर दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. हे श्रेय एकट्या गोखल्यांचे नाही. पण दर वर्षी तोच प्रश्न नव्या आकड्यांसह पुढे ठेवणारा माणूस समोर बसला असेल, तर सरकारलाही उत्तर तयार ठेवावे लागते.

आपल्यापैकी बरेच जण रेल्वेचे. म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. शिलकीचा पैसा रेल्वेचे जाळे वाढवण्यात घालण्याला गोखल्यांचा विरोध होता. रेल्वे नको असे ते म्हणत नव्हते. रेल्वेसाठी कर्ज काढा, करातून उरलेला पैसा शाळा आणि गावच्या आरोग्यासाठी द्या, असे त्यांचे म्हणणे होते. रेल्वेत आयुष्य घालवत असूनही मला ते पटते. रूळ गावापर्यंत आले आणि गावातल्या पोराला स्टेशनच्या पाटीवरचे नाव वाचता आले नाही, तर ते काम अर्धेच म्हणायचे.

१९०५ हे त्यांच्या धावपळीचे वर्ष. १२ जूनला पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली, मग इंग्लंडचा दौरा केला आणि डिसेंबरात परत येऊन ते काशीला आले. वय अवघे ३९. ऑक्टोबरात बंगालची फाळणी झाली होती, देश पेटला होता. काशीच्या भाषणात त्यांनी लॉर्ड कर्झनच्या कारभाराची तुलना औरंगजेबाशी केली. मवाळ म्हणून हिणवल्या गेलेल्या माणसाचे हे बोलणे होते. कायदे कौन्सिलात निम्मे सभासद लोकनियुक्त असावेत आणि अंदाजपत्रक कौन्सिलाकडून रीतसर मंजूर व्हावे, या मागण्याही त्यांनी इथेच मांडल्या. याच अधिवेशनाला लोकमान्य हजर होते. पंडित मदनमोहन मालवीयांनी आपल्या विद्यापीठाची कल्पनाही याच वेळी लोकांपुढे ठेवली.

आता दुसरे कारण. बनारस, गाझीपूर, बलिया, आझमगढ, जौनपूर या आपल्या आसपासच्या जिल्ह्यांतून हजारो माणसे त्या काळी कलकत्त्याच्या बंदरातून फिजी, त्रिनिदाद, गयाना, सुरिनाम या मुलखांत ऊस तोडायला नेली गेली. भरती करणाऱ्याला इकडे अरकाटी म्हणत आणि पाच वर्षांच्या कराराला गिरमिट. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका सहकाऱ्याच्या पणजोबांचा भाऊ असाच टापूवर गेला, त्याची पुन्हा खबर आली नाही. अशी आठवण इकडच्या कितीतरी घरांत आहे. या माणसांनी गोखल्यांना मत दिले नव्हते. त्यांची भोजपुरी बोली त्यांना येत असेल असेही वाटत नाही.

१९०९ च्या सुधारणांनंतर कौन्सिलात ठराव मांडायची सोय झाली. २५ फेब्रुवारी १९१० रोजी गोखल्यांनी दक्षिण आफ्रिकेतील नाताळला गिरमिटिया मजूर पाठवणे बंद करावे असा ठराव आणला. नाताळात तोवर सुमारे दीड लाख मजूर गेले होते, त्यांतले बरेचसे मद्रासकडचे. सरकारने ठराव स्वीकारला आणि १ जुलै १९११ पासून तिकडची भरती थांबली. मग ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी ही पद्धतच बंद करा असा ठराव मांडला. बाजूने २२ मते, विरुद्ध ३३. ठराव पडला.

त्याच महिन्यात दुसरा पराभव आला. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना सक्तीचे प्राथमिक शिक्षण देण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळावा, असे विधेयक त्यांनी १९११ मध्ये आणले होते. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी हे १९०६ मध्येच करून दाखवले होते. १९ मार्च १९१२ रोजी विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. हरणार हे गोखल्यांना आधीच ठाऊक होते. तरीही त्यांनी देशभरातून आलेल्या एकेका आक्षेपाला उत्तर दिले होते.

मधुमेहाने शरीर पोखरले असताना त्याच वर्षी ऑक्टोबरात ते दक्षिण आफ्रिकेला गेले. तिथे गिरमिट संपलेल्यांवर लादलेल्या तीन पौंडांच्या करासाठी त्यांनी तिथल्या मंत्र्यांची भेट घेतली. गांधीजींच्या लढ्यासाठी इकडे पैसा उभा केला. १९१४ मध्ये तो कर गेला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात गोखले वारले. वय फक्त ४८. स्मशानात लोकमान्यांनी जुना विरोध बाजूला ठेवून त्यांना आदरांजली वाहिली.

गिरमिटचा ठराव मात्र मेला नाही. मार्च १९१६ मध्ये तो त्याच कौन्सिलात पुन्हा मांडला गेला, तो काशी हिंदू विद्यापीठाच्या मालवीयजींनी. या वेळी सरकारने तो मान्य केला. १९१७ मध्ये भरती थांबली आणि १९२० मध्ये उरलेले करारही संपले. शिक्षणाच्या बाबतीत वाट फार लांबची ठरली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा शिक्षणहक्क देशभर लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडावा लागला.

आपण मराठी माणसे पोटासाठी काशीला आलो. कोणी पिढ्यान्‌पिढ्या ब्रह्माघाट, दुर्गाघाटाच्या गल्ल्यांत राहतो, कोणी बदलीवर येऊन इथलाच झाला. आपला उत्सव आपण जपतो, ते योग्यच आहे. पण कोकणातल्या एका माणसाने या मातीतल्या, आपली भाषा न बोलणाऱ्या लोकांचे दुःख आपले मानून सरकारदरबारी मांडले, हेही आपल्याच परंपरेत आहे. शेजारच्या घरातले गाऱ्हाणे आपल्या कानावर आले, तर नामदार गोखल्यांची आठवण ठेवून ते नीट लिहून, नीट मोजून योग्य जागी पोचवावे. पहिल्या खेपेला हरलो तरी चालेल.

गणपती बाप्पा मोरया!