ठिणगी आणि फवारा : रॉबर्ट बॉश

बेळगाव-शहापूर भागातील कोणत्याही जुन्या गॅरेजात डोकावले तर दोन शब्द हमखास कानी पडतात : मायको पंप आणि नोझल. निपाणीच्या तंबाखूचे ट्रक, घाट चढून गोव्याकडे जाणाऱ्या गाड्या, शेतातील डिझेल इंजिने या साऱ्यांचे आरोग्य या दोन वस्तूंवर अवलंबून असते. मायको म्हणजे 1951 साली स्थापन झालेली मोटर इंडस्ट्रीज कंपनी. तिचे पंप बंगळूरला बनत आणि नोझल नाशिकला. कन्नड मुलखातील पंप आणि मराठी मुलखातील नोझल एकत्र आल्याखेरीज आपल्या सीमाभागातील ट्रक हलत नसे, ही गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. 2008 साली या कंपनीने आपल्या मूळ जर्मन घराण्याचे बॉश हे नाव घेतले. ज्या माणसावरून हे नाव आले त्याचे चरित्र विज्ञानाच्या विद्यार्थ्याने जसे वाचावे, तसेच ते वाणिज्य व कला शाखेच्या विद्यार्थ्यांनीही वाचावे.

रॉबर्ट बॉश यांचा जन्म 23 सप्टेंबर 1861 रोजी दक्षिण जर्मनीतील उल्म शहराजवळच्या आल्बेक या खेड्यात झाला. बारा भावंडांतील ते अकरावे. वडील खानावळ चालवीत, शेती करीत; वाचनाची त्यांना आवड होती. रॉबर्टने सूक्ष्म यंत्रकामाची उमेदवारी पत्करली, पण ज्या कारागिराकडे तो शिकायला राहिला त्याचे शिकवण्याकडे फारसे लक्ष नव्हते. त्या वर्षांची सल मनात राहिली. पुढे स्वतः मालक झाल्यावर उमेदवारांच्या शिक्षणासाठी त्यांनी 1913 साली कारखान्यात स्वतंत्र विभागच काढला. आपल्याला जे मिळाले नाही ते पुढच्याला मिळावे, ही वृत्ती येथेच दिसते.

उमेदवारीनंतर त्यांनी निरनिराळ्या कारखान्यांत नोकऱ्या केल्या. 1884 साली ते अमेरिकेस गेले व एडिसन यांच्या कारखान्यात काम केले. परतताना इंग्लंडमध्ये सीमेन्स यांच्याकडे राहिले. 15 नोव्हेंबर 1886 रोजी त्यांनी स्टुटगार्ट येथे लहानसे दुकान थाटले. हाताखाली एक कारागीर आणि एक पोऱ्या, एवढाच पसारा. टेलिफोन जोडणे, विजेची घंटा बसविणे, जे काम येईल ते करायचे. गिऱ्हाइकांकडे ते सायकलवरून जात. याच सुमारास, 1888 साली, आपल्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर सायकलींचा धंदा मांडत होते. दोघांची कधी गाठ पडली नाही. पण दोन खंडांत दोन तरुण जवळजवळ एकाच वेळी सायकलच्या चाकावरून यंत्रयुगात शिरत होते, ही कल्पना मनाला सुखावते.

सुरुवातीची वर्षे ओढगस्तीची गेली. एकदा तर बहुतेक कामगारांना निरोप द्यावा लागला आणि घरच्यांच्या पैशावर दुकान तगले. तारले ते मॅग्नेटोने. इंजिनात इंधन व हवा यांचे मिश्रण पेटवायला ठिणगी लागते. ती निर्माण करणारे हे यंत्र. मॅग्नेटोचा शोध बॉश यांचा नव्हे. दुसऱ्याने केलेली वस्तू त्यांनी सुधारली आणि 1897 साली ती मोटारवाहनावर यशस्वीपणे चालवून दाखविली. 1902 साली त्यांचे सहकारी गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो व स्पार्क प्लग सिद्ध केला, आणि बॉश हे नाव जगभर पोहोचले. 1906 साली त्यांनी कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू केला. त्या काळी ही फार मोठी गोष्ट होती; इतर कारखानदार त्यांना लाल बॉश म्हणून हिणवू लागले. तरीही 1913 साली त्यांच्याच कारखान्यात मोठा संप झाला. चांगला पगार दिला म्हणजे सारे प्रश्न मिटतात असे नाही, हा धडा त्यांना मिळाला.

ठिणगीवर नाव मिळविलेल्या या गृहस्थाने साठी ओलांडल्यावर, ज्याला ठिणगीच लागत नाही अशा इंजिनाकडे लक्ष वळविले. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन 1897 साली यशस्वी झाले होते. त्यात हवा इतकी दाबली जाते की ती अतिशय तापते आणि त्या हवेत शिरताच इंधन आपोआप पेट घेते. अडचण होती ती इंधन आत घालण्याची. त्यासाठी दाबलेली हवा वापरीत व तिच्यासाठी अवजड कॉम्प्रेसर लागे. म्हणून हे इंजिन जहाजात, कारखान्यात शोभे. मोटारीत मावत नसे. डिझेल 1913 साली इंग्लंडला जाताना बोटीवरून नाहीसे झाले. त्यांचे इंजिन रस्त्यावर आणण्याचे काम दुसऱ्यांना करावे लागले.

बॉश यांनी 1922 च्या अखेरीस इंजेक्शन पंपाचे काम हाती घेतले आणि 1927 साली पंपाचे नियमित उत्पादन सुरू झाले. पंपातील दांडा व त्याची नळी यांमधील फट मिलिमीटरच्या काही सहस्रांश इतकी. दर फेरीला थेंबभर इंधन, तेही नेमक्या क्षणी, प्रचंड दाबाने धाडायचे. 1936 साली मर्सिडीझची 260 डी ही डिझेल मोटार बाजारात आली ती याच पंपाच्या जोरावर.

या पंपाचे टोक म्हणजे नोझल. त्याची भोके मिलिमीटरच्या अंशाएवढी असतात. इंधनातील कचरा, पाणी आणि जळालेला कार्बन यांनी ती बुजली की फवाऱ्याऐवजी पिचकारी किंवा थेंब पडू लागतात. थेंब धड जळत नाही. मग गाडी काळा धूर सोडते, ठोके मारते, सकाळी लवकर सुरू होत नाही, घाटात दम टाकते. जाणता मिस्त्री अशा वेळी एकदम सारे खोलत नाही. जुन्या पद्धतीच्या इंजिनात तो एकेका सिलिंडरच्या नळीचा नट जरा सैल करतो. इंजिनाचा आवाज बदलला तर तो सिलिंडर काम करीत होता. बदलला नाही तर दोष तेथेच.

मग ते नोझल काढून हातपंपाच्या टेस्टरवर चढवितात. इंजिनाच्या जातीप्रमाणे दर चौरस सेंटिमीटरला शंभर ते अडीचशे किलोच्या दरम्यान ठरलेल्या दाबालाच ते उघडले पाहिजे, फवारा धुक्यासारखा सारखा पडला पाहिजे आणि दाब थोडा कमी असताना टोक कोरडे राहिले पाहिजे. साफ करताना पितळी ब्रश, भोकासाठी ठरावीक मापाची बारीक तार आणि स्वच्छ डिझेल वापरावे. पोलादी ब्रश किंवा पॉलिश पेपर लावला की नोझल कायमचे गेले. आतील सुई आणि तिचे घर ही जोडी एकमेकांसाठी घासून बसविलेली असते, म्हणून एकाची सुई दुसऱ्याच्या घरात घालू नये. स्वच्छ झालेली सुई डिझेलात बुडवून घरात सोडली की स्वतःच्या वजनाने हळूच खाली उतरते; हीच तिची परीक्षा. फवाऱ्यापुढे हात मात्र कधीही धरू नये, तो कातडी भेदून आत जातो. नोझल परत बसविताना तांब्याची वॉशर नवी घालावी आणि फिल्टर बदलावा. फिल्टर तसाच ठेवला तर आठवड्याभरात पहिले पाढे पंचावन्न.

आजच्या मोटारींत पेट्रोललाही इंजेक्टर असतात. ते विजेने उघडझाप करतात. बुजले की उभी गाडी थरथरते आणि मायलेज घटते. तेथे आधी मीटर लावून विजेची बाजू तपासतात, नंतर मापाच्या नळ्यांत प्रत्येकाचा फवारा मोजतात आणि गरज पडल्यास श्रवणातीत ध्वनिलहरींच्या टाकीत ते धुतात. नव्या कॉमन रेल डिझेल गाड्यांत मात्र चालू इंजिनाची नळी सैल करण्याची जुनी युक्ती कदापि करू नये. तेथील दाब हजार बारच्याही पलीकडे जातो. तो जिवावर बेतू शकतो. तेथे स्कॅनरने दोष शोधावा.

बॉश यांच्या उत्तरायुष्यावर दुःखाची छाया होती. थोरला मुलगा 1921 साली दीर्घ आजाराने गेला. पहिल्या महायुद्धात शस्त्रसामग्रीवर मिळालेला नफा त्यांनी लोकोपयोगी कामांस दिला. 1940 साली स्टुटगार्टमध्ये त्यांच्या देणगीतून रुग्णालय उभे राहिले. नाझी राजवट त्यांना मनापासून नापसंत होती. छळ होत असलेल्या ज्यूंना त्यांनी मदत केली आणि हिटलरविरोधी गटातील कार्ल गर्डेलर यांना आपल्या कंपनीत आश्रय दिला. पण त्याच काळात त्यांचा कारखाना त्या राजवटीच्या युद्धासाठी माल बनवीत होता आणि युद्धकाळात तेथे सक्तीने आणलेले मजूरही राबत होते. थोर माणसाचे चरित्र लिहिताना ही बाजू झाकून चालणार नाही. माणूस मनाने एकीकडे आणि त्याचा कारखाना दुसरीकडे, अशी ओढाताण त्यांच्या वाट्याला आली आणि ती त्यांना सोडविता आली नाही. 12 मार्च 1942 रोजी स्टुटगार्ट येथे त्यांचे निधन झाले. ज्या राजवटीचा त्यांना तिटकारा होता, तिनेच त्यांची अंत्ययात्रा सरकारी इतमामाने काढली. आज त्यांच्या कंपनीच्या भांडवलाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग एका धर्मादाय प्रतिष्ठानाकडे आहे.

बॉश यांनी इंजिनाचा शोध लावला नाही, मोटारीचाही नाही. दुसऱ्यांच्या शोधात जी लहानशी वस्तू अडत होती ती त्यांनी हाती घेतली आणि ती निर्दोष करीपर्यंत सोडली नाही. उद्यमबागेतल्या आपल्या कारखान्यांत आणि रस्त्याकडेच्या गॅरेजांत आज हेच काम चालते. पदवीच्या कागदाकडे डोळे लावून बसलेल्या आपल्या विद्यार्थ्यांनी कधीतरी एखाद्या नोझल टेस्टरपाशी थोडा वेळ थांबून पाहावे. भोक केसाएवढे असते, पण ते बुजले की दहा टनांचा ट्रक जागच्या जागी उभा राहतो; आणि ते साफ करणाऱ्या हाताला अक्कल, धीर व प्रामाणिकपणा हे तिन्ही गुण लागतात.