जॉन फी गुरुजी

मला जॉन फी फार आवडतात. त्यांचा जन्म १८१६ साली अमेरिकेत केंटकी राज्यात झाला. त्यांचे वडील गुलाम ठेवायचे. गुलामगिरी हे पाप आहे असं फी सांगू लागले, म्हणून वडिलांनी त्यांना वारसा दिला नाही. तरी ते डगमगले नाहीत. गवताळ माळ संपून डोंगर सुरू होतात तिथं, बेरिया गावी, १८५५ साली त्यांनी एका खोलीची शाळा काढली. १८५९ साली हत्यारबंद लोकांनी त्यांना हाकललं. पुढे ते परत आले. १८६६ पासून काळी-गोरी मुलं तिथं एकत्र शिकली. शाळेचं कॉलेज झालं. १९०१ साली फी वारले. १९०४ साली कायद्याने काळ्या मुलांना तिथं बंदी झाली, ती १९५० साली उठली.
आम्ही सगळे एकाच सतरंजीवर बसतो. तसं बसता यावं म्हणून फी गुरुजींनी घर सोडलं.

— इयत्ता ४ थी