पात्रपारखी दादासाहेब फाळके

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले की वर्गावर्गांतून एकच चर्चा सुरू होते. राजा कोण होणार, राणी कोण होणार आणि भालदाराचे मुके काम कोणाच्या गळ्यात पडणार? ज्याला मोठी भूमिका मिळते तो हर्षभरित होतो. ज्याला मिळत नाही तो दोन दिवस रुसून बसतो. नाटक बसविणाऱ्या गुरुजनांच्या मनातील प्रश्न मात्र निराळा असतो. हुशार कोण, देखणा कोण अथवा लाडका कोण हे त्यांना पाहावयाचे नसते. या भूमिकेला शोभेल असा कोण, एवढेच पाहावयाचे असते. हाच प्रश्न शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी गृहस्थापुढे उभा राहिला आणि तो सोडविताना त्यांना घरदार, दागदागिने आणि लोकलज्जा या सर्वांशी झुंज द्यावी लागली. त्या धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पांडेसऱ्यातील आपणा मराठी कुटुंबांना दादासाहेब परके वाटण्याचे कारण नाही. आपल्यापैकी अनेकांचे वाडवडील धुळे, नंदुरबार, जळगाव, नाशिक या भागांतून गाठोडे घेऊन तापीकाठच्या या शहरात आले आणि येथील गिरण्यांत व रंगाईछपाईच्या कारखान्यांत पोटाला लागले. दादासाहेबही नाशिककडचेच. विद्येसाठी आणि पोटासाठी त्यांनाही गुजरातची वाट धरावी लागली होती.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे विद्वान शास्त्री. पुढे अध्यापनाच्या निमित्ताने ते मुंबईस आले. शास्त्र्याच्या घरातील या मुलाचे मन मात्र रंग, रेषा आणि आकृती यांतच रमले. १८८५ मध्ये तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात गेला. तेथे त्याने चित्रकला, मूर्तिकाम आणि छायाचित्रण यांचे पाठ गिरविले. शिक्षणानंतर गोध्रा येथे त्याने छायाचित्रकाराचा व्यवसाय थाटला. पण प्लेगच्या साथीत प्रथम पत्नी आणि मूल दोघेही हिरावली गेली.

या आघातातून सावरून दादासाहेबांनी १९०२ मध्ये पुन्हा संसार मांडला. त्यांच्या या पत्नी सरस्वतीबाई. काही काळ त्यांनी पुराणवस्तुसंशोधन खात्यात नोकरी केली, ती सोडून लोणावळ्यास छपाईचा व्यवसाय सुरू केला. राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या छपाईचे कामही त्यांनी केले. रंगीत छपाईचे तंत्र पाहण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीस जाऊन आले. परंतु भागीदारांशी मतभेद झाले आणि जमलेला धंदा सोडून ते रिकाम्या हातांनी बाहेर पडले. वयाची चाळिशी उलटली होती. अशा वेळी मुंबईत गिरगावातील एका तंबूतील चित्रगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चलच्चित्र पाहिले आणि पडद्यावर आपले राम आणि कृष्ण का वावरू नयेत, या विचाराने त्यांना झपाटून टाकले.

विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले. तेथे सेसिल हेपवर्थ या चित्रपट-निर्मात्याकडे त्यांनी या कलेची कामे जवळून पाहिली, कॅमेरा विकत घेतला आणि काही आठवड्यांतच ते परतले. कुंडीतील वाटाण्याला अंकुर फुटून वेल कसा वाढतो, याचे एक लहानसे चित्र त्यांनी तयार केले. ते पाहून भांडवल देणाऱ्यांना थोडा धीर आला. उरलेली तूट सरस्वतीबाईंनी आपले दागिने देऊन भरून काढली. चित्रपट ठरला राजा हरिश्चंद्राचा. यंत्र आले, फिल्म आली, कथाही घराघरांत ठाऊक होती. नव्हती ती माणसे!

येथे आपण क्षणभर थांबू. त्या काळची रंगभूमी ही गळ्याची रंगभूमी होती. नटाचे गाणे चांगले असले की त्याचे वय, बांधा किंवा चेहरा याकडे प्रेक्षक काणाडोळा करीत. शेवटच्या रांगेतील माणसाला नटाचे डोळे दिसत नसत. त्याच्या कानांवर सूर पडले म्हणजे पुरे होई. दादासाहेबांचा चित्रपट तर मुका. तेथे गळा निरुपयोगी; आणि कॅमेऱ्याचा डोळा असा निष्ठुर, की कपाळावरची आठी आणि बोटांची हालचालही त्याच्या नजरेतून सुटत नाही. रंगभूमीवर जे खपे ते पडद्यावर खपणार नाही, हे दादासाहेबांनी अचूक ओळखले. म्हणूनच पात्रनिवड हा त्यांच्या दृष्टीने कामाचा पाया होता.

त्यांनी वृत्तपत्रांतून जाहिराती दिल्या. उमेदवार आले, पण पाहावत नाहीत असे! अखेर जाहिरातीत अशी पुस्ती जोडावी लागली, की कुरूप चेहऱ्यांच्या लोकांनी तसदी घेऊ नये. हरिश्चंद्राच्या भूमिकेसाठी दत्तात्रय दामोदर दाबके हे नट मिळाले. पण तारामती कोठून आणावयाची? कुलीन घरातील स्त्रीने नाटकात उभे राहणे हेच जेथे पातक मानले जाई, तेथे चित्रपटाचे नाव कोण काढणार? समाजाने ज्यांना आधीच उंबऱ्याबाहेर ठेवले होते, अशा स्त्रियांच्या दारीही दादासाहेब गेले. परंतु तेथूनही त्यांना विन्मुख परतावे लागले.

अशा निराश अवस्थेत एके दिवशी ते मुंबईत ग्रँट रोडवरील एका खाणावळीत गेले होते. तेथे काम करणाऱ्या एका तरुणाकडे त्यांचे लक्ष वेधले. सडपातळ बांधा, नाजूक हात, हालचालीत मार्दव. त्याचे नाव अण्णा साळुंके. दरमहा १० रुपयांवर तो तेथे राबत होता. दादासाहेबांनी त्याला १५ रुपये देऊ केले आणि खाणावळीतला हा तरुण अयोध्येची महाराणी झाला! त्या खोलीत रोज कितीतरी माणसे जेवून जात असतील. अण्णांना सर्वांनीच पाहिले असेल. पण त्यांच्यातली तारामती पाहिली ती एकट्या दादासाहेबांनी. छापखान्यात रविवर्म्यांच्या देवता निरखण्यात ज्या नजरेने वर्षे घालविली होती, ती नजर खाणावळीतही जागी होती.

रोहिदासाचा प्रश्नही असाच बिकट. मृत्यू पावणाऱ्या मुलाची भूमिका आपल्या लेकराला द्यावयास कोणी आईबाप धजेना. तेव्हा दादासाहेबांनी आपलाच मुलगा भालचंद्र याला उभे केले. वनातील दृश्ये घेताना हा मुलगा खडकावर पडून बेशुद्ध झाला आणि त्या अवस्थेतच पित्याने रोहिदासाच्या अंत्यसंस्काराचे दृश्य टिपले, असे सांगतात. हे वाचून आमच्याही मनाला चटका बसतो. एवढी कठोरता योग्य की अयोग्य, याचा निर्णय ज्याने त्याने करावा. मात्र दुसऱ्याच्या मुलाला जे करावयास सांगितले असते, ते त्यांनी स्वतःच्या मुलाकडून करवून घेतले, हे नजरेआड करता येत नाही.

निवडलेल्या माणसांना टिकविणे हेही सोपे नव्हते. स्त्रीभूमिकेसाठी मिशा उतरविण्यास नट तयार होईनात. वडील हयात असता मिशा काढणे अशुभ, अशी समजूत. त्यांची समजूत घालता घालता दादासाहेब थकून जात. चित्रपटात काम करतो म्हटले तर लोक नावे ठेवीत. म्हणून हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीला आहोत, असे सांगण्याची युक्ती त्यांनी आपल्या मंडळींना शिकविली. वांगणी गावी चित्रणासाठी गेलेल्या या मंडळींच्या ढालीतलवारी पाहून गावकऱ्यांनी त्यांना दरोडेखोर समजून पोलिसांच्या हवाली केले होते, हीही आठवण सांगतात. दादरच्या घरी या सर्वांचा स्वयंपाक सरस्वतीबाई करीत. आणि रात्री फिल्मला भोके पाडण्याचे काम असे, ते वेगळेच. नटांची नावे जगाला कळली. या माउलीचे नाव पडद्यावर आले नाही. आम्ही ते येथे मुद्दाम आदराने लिहीत आहोत.

सहा महिने सत्तावीस दिवस खपून सुमारे ३,७०० फूट लांबीचा 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात तो लोकांपुढे आला. मुंबईने त्याला डोक्यावर घेतले. आणि आमचे सुरत? नवाबी थिएटरात पहिल्या खेळाचे उत्पन्न आले अवघे तीन रुपये! सहा सहा तासांची नाटके पाहणाऱ्या प्रेक्षकाला हा आटोपशीर खेळ महाग वाटला. चित्रपट लांबवा किंवा बदला, असा आग्रह थिएटरवाल्याने धरला. दादासाहेबांनी चित्रपट बदलला नाही, जाहिरात बदलली. तीन आण्यांत ५७,००० छायाचित्रे पाहावयास मिळतील, असे त्यांनी गुजराती भाषेत कळविले. एक फूट फिल्मवर १६ चित्रे मावतात, हे ध्यानी घेऊन आमच्या बालवाचकांनी गुणाकार करून पाहावा; आकडा खोटा नव्हता. सुरतकर लोटले आणि खेळांची संख्या वाढवावी लागली.

पुढे दादासाहेब नाशिकला आले आणि 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात त्यांनी फार मोठे पाऊल टाकले. दुर्गाबाई कामत यांनी पार्वतीची आणि त्यांची कन्या कमलाबाई (पुढे गोखले) यांनी मोहिनीची भूमिका केली. ज्या कामासाठी वर्षापूर्वी एकही स्त्री पुढे येत नव्हती, ते या मायलेकींनी लोकापवादाची पर्वा न करता केले. १९१७ च्या 'लंकादहना'त अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. पडद्यावर रामाचे दर्शन होताच प्रेक्षक पादत्राणे काढीत, असे सांगतात. १९१८ च्या 'श्रीकृष्णजन्म' व १९१९ च्या 'कालियामर्दन' या चित्रपटांत बाळकृष्ण झाली ती दादासाहेबांची चिमुकली कन्या मंदाकिनी. 'कालियामर्दना'चा जो भाग आजही उपलब्ध आहे, त्यात तिच्या चेहऱ्यावरील खट्याळपणा पाहिला, म्हणजे मुलीला कृष्ण करण्याचा निर्णय किती अचूक होता हे पटते.

१९३१ मध्ये चित्रपट बोलू लागला आणि पुन्हा गळ्याला महत्त्व आले. नव्या युगात दादासाहेबांचे बस्तान बसले नाही. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव मूळ बोलपट आणि अखेरचा चित्रपट ठरला. ज्यांनी देशाला नवा उद्योग दिला, त्यांची शेवटची वर्षे ओढगस्तीत गेली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. १९६९ पासून त्यांच्या नावाने चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो.

विद्यार्थिमित्रांनो, दादासाहेबांच्या चरित्रातून उद्योगशीलता, चिकाटी इत्यादी गुण घ्यावयाचे आहेतच. ते आम्ही निराळे सांगत नाही. आम्हास महत्त्वाची वाटते ती त्यांची नजर. त्यांनी माणसाचा हुद्दा पाहिला नाही, त्याच्या अंगची योग्यता पाहिली. आणि त्यांच्या वाटेत अडचण होती ती योग्य माणसे नसण्याची नव्हे. ती होती योग्य माणसांना पुढे येऊ न देणाऱ्या रूढीची. तारामती होण्यास समर्थ अशा स्त्रिया १९१२ सालीही या देशात होत्याच. त्यांच्यापुढे दार बंद होते. आज आमच्या पांडेसऱ्यातील मुली रंगमंचावर निःसंकोच उभ्या राहतात, तेव्हा दुर्गाबाई आणि कमलाबाई यांच्या धैर्याचे स्मरण त्यांनी ठेवावे.

या वर्षीच्या संमेलनात ज्याच्या वाट्याला भालदाराचे काम येईल, त्यानेही खट्टू होऊ नये. ग्रँट रोडच्या खाणावळीत ताटे मांडणाऱ्या अण्णा साळुंक्यांना आपल्यात एक राणी दडली आहे, हे तरी कोठे ठाऊक होते? आणि जे उद्या शिक्षक, कारखानदार किंवा कुटुंबप्रमुख होतील, त्यांनी कोणाला कोणते काम द्यावयाचे हे ठरविताना त्या खाणावळीतील दादासाहेबांना एकदा आठवावे, एवढीच आमची विनंती आहे.